जावईबापूंनी काढलेले आमचे घर

रत्नागिरी,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या परशुरामाचा साष्टांग नमस्कार. सौ. उमेचा डावा गुडघा सोडल्यास इकडील सर्व मंडळी सुखरूप आहेत. आपल्याला डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावले आहे असे चि. वासंतीच्या पत्रावरून समजले. तरी आपण जिना चढू नये. (आपण चढत असणार हे मला ठाऊक आहे, पण लिहिणे माझे कर्तव्य आहे.) फाल्गुनात आपले पत्र आले, त्यात आता बोटीचा आणि आगगाडीचा प्रवास आपल्याच्याने होणार नाही, तेव्हा आपल्या घराचे आणि आगराचे एक चित्र करून मिळाले तर ते पलंगासमोर लावता येईल, असे आपण लिहिले होते. शेवटी 'एकदा घर डोळ्यांखालून जाऊ दे, मग माझे काही मागणे नाही' हे वाक्य होते. ते सौ. उमेला वाचून दाखवताना मला पुढे वाचवेना, म्हणून तिने पत्र माझ्या हातून घेतले आणि उरलेले स्वतः वाचले. तेव्हापासून हे काम मी मनावर घेतले आहे. त्याचा जो काही निकाल लागला तो या पत्राबरोबर येत आहे, आणि तो पेटीतून बाहेर काढल्यावर आपण 'नान्या, हे काय पाठवलेस?' असे म्हणाल तेव्हा उत्तर द्यायला मी बडोद्यात नसेन, म्हणून झाले ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही की चित्रकार म्हणून आपण आपल्या जावयांनाच पाठविलेत. रा. विश्वंभरपंतांविषयी माझे काहीही म्हणणे नाही. मुलगा सालस आहे, मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेला आहे, आणि आमटीत मीठ कमी असले तरी बोलत नाही. पण बाहेरचा चित्रकार असता तर त्याच्या पाठीमागे उभे राहून 'बाबा रे, दार तिथे नाही, इथे आहे' असे सांगता आले असते. जावयाला ते कसे सांगणार? त्याला पाटावर बसवायचे, पहिला पिकलेला आंबा त्याच्या पानात कापायचा, आणि त्याने बिनदाराचे घर काढले की 'वा, फारच सुरेख' म्हणून पंखा घालायचा. चाळीस वर्षे कोर्टात नाझर म्हणून काढली, खोट्या साक्षीदारांच्या तोंडावर त्यांना खोटे म्हटले, पण या वेळी माझ्या तोंडाला कुलूप होते.

दुसरी गोष्ट घराची. आपणांस सगळे ठाऊक आहेच, तरी मिळकतीचे वर्णन केल्याशिवाय माझा हात पुढे चालत नाही. घर एकच, उत्तराभिमुख. पूर्वेकडील अर्धे भिंतीपलीकडच्या गृहस्थांचे, पश्चिमेकडील अर्धे माझे. (भिंतीपलीकडचे गृहस्थ म्हणजे आपले मधले बंधू आबा. नाव लिहायचे नाही असे मी ठरविले आहे, परंतु हे पत्र वासंतीही वाचेल आणि तिचा घोटाळा होऊ नये.) माजघराच्या मधून फळ्यांची भिंत, अंगणाच्या मधून चिऱ्यांची ओळ, आणि खाली आगरात माड-पोफळींच्या मधून कमरेएवढा दगडी गडगा. वाटणीच्या दिवशी दोरीचे एक टोक आपण स्वतः धरून उभे होता, मान खाली घालून, आणि दोरी उचलल्यावर आपला वाटा आम्हां दोघांत घालून आपण बडोद्याला निघून गेलात. वाटणी शांतपणे झाली. बिघडले ते पुढे फणसावरून. फणसाचे खोड त्यांच्या वाट्यात, फांदी माझ्या कौलांवर, आणि एका श्रावणात एक भला मोठा बरका फणस माझी कौले फोडून थेट देवघरात उतरला. फळ आमचे, असा निरोप आला. मग भोकही तुमचेच, असे मी कळविले. त्या दिवसापासून आमच्यात बोलणे नाही. लागलेच तर गंगाराम गडी निरोप ने-आण करतो, आणि बायका विहिरीवर काय बोलतात ते मी विचारलेले नाही.

असो. जावईबापूंनी अंगणाच्या टोकाला, चिऱ्यांच्या ओळीवरच, लाकडी तिवई उभी केली, तिच्यावर मोठी छत्री बांधली आणि एक डोळा मिटून घराकडे पाहू लागले. तिवई, छत्री आणि मिटलेला डोळा इतके जमल्यावर आपल्या गावात त्याचा एकच अर्थ होतो. दुपारपर्यंत साऱ्या वाडीत झाले की नानांनी सरकारी मोजणीदार आणला. खालच्या अंगाचा काशीराम आपले कागद पत्र्याच्या नळकांड्यात घालून हजर झाला आणि हात जोडून उभा राहिला. जावयांना यातले काहीच कळले नाही. त्यांना काशीरामाचे तांबडे मुंडासे आवडले. त्यांनी त्याला माडाखाली थोडे उभे राहायला सांगितले, आणि तो बिचारा ऊन तापेपर्यंत तिथून हलला नाही. आपली जमीन मोजून झाली अशा समजुतीने तो समाधानाने घरी गेला. (चित्रात माडाच्या बुंध्याशी तांबडा ठिपका दिसेल, तो काशीराम. त्याच्या जमिनीला त्यामुळे काही बाध येत नाही, असे मी त्याला नंतर समजावले. त्याला पटलेले नाही.) भिंतीपलीकडच्या गृहस्थांनाही हेच वाटले असले पाहिजे, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची त्यांच्या अंगणाच्या मध्यावर आणून ठेवली आणि तीत बसून ते चिऱ्यांच्या ओळीवर पहारा करू लागले.

पहिले चित्र सकाळच्या उन्हात झाले. आता दादा, चित्र म्हणजे काय याची माझी कल्पना साधी आहे. आधी रेघांनी घर काढावे, मग त्यात रंग भरावा, खिडकीला गज असतील तितके दाखवावेत. जावईबापू रेघ मुळी काढतच नाहीत. ते रंगाचे ठिपके आणि फराटे देतात. एक इथे, एक तिथे, मग लांबून पाहतात, मग पुन्हा एक. कौलांना निळे, मातीला गुलाबी, माडाला पिवळे. फ्रान्स देशातून ही तऱ्हा निघाली म्हणतात. मी अगदी मऊ आवाजात चौकशी केली तेव्हा त्यांनी सांगितले की आपण वस्तू काढायची नसते, वस्तूवर पडलेला उजेड काढायचा असतो, आणि सावली कधी काळी नसते. ठीक आहे. पण सकाळी ऊन येते पूर्वेकडून. त्यामुळे भिंतीपलीकडचा अर्धा भाग सोन्यासारखा झळकत होता, आणि माझा अर्धा भाग फणसाच्या सावलीत, म्हणून नखशिखांत जांभळा. मी गेल्या दसऱ्याला माझ्या बाजूला चुना दिला आहे. त्यांनी किती वर्षांत दिलेला नाही ते आपण येऊन पाहिले असते तर कळले असते. असे असून आपण बडोद्यास पलंगावर पडल्या पडल्या रोज काय पाहणार, तर आबाचे घर भरभराटीत आणि नान्याच्या घराला अवकळा. हा अन्याय मला सहन होईना.

जावयाला प्रत्यक्ष सांगणे शक्य नव्हते, म्हणून मी सौ. उमेला पुढे घातले. तिने आमरस वाढता वाढता सहज म्हटल्यासारखे म्हटले की आपले घर खरे शोभते ते संध्याकाळी. जावईबापूंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. तिकडचे मोठमोठे चित्रकार हेच करतात म्हणे, एकच जागा सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला पुन्हा पुन्हा रंगवतात, आणि ही गोष्ट रत्नागिरीत कुणाच्या ध्यानात येईल असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. वासंतीला त्यांनी पत्रही घातले आहे की नानाकाकांना चित्रकलेची मोठी जाण आहे. (तिने ते पत्र आपल्याला दाखविले असेल. तो भाग खरा नाही.)

मग दुसरे चित्र झाले, संध्याकाळचे. त्यात माझी बाजू तांबूस सोनेरी आणि पलीकडची निळी पडलेली. मला एक दिवस समाधान मिळाले. दुसऱ्या दिवशी गंगाराम येऊन ओटीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "आबा इचारतायत, सांजच्या चित्रात आमची बाजू येवडी काळोखात का घातलानी?" मी उलट निरोप धाडला की सूर्य पश्चिमेला मावळतो ही माझी व्यवस्था नव्हे. यावर पलीकडून उत्तर आले ते निराळेच. गोदावहिनींचे आमंत्रण आले, की जावई जसा नानाभावोजींचा तसा आमचाही, तेव्हा सकाळचे पान आमच्याकडे. मी नाही म्हणू शकलो नाही, जावई नाही म्हणू शकले नाहीत, आणि सौ. उमेने आपले सकाळचे पान मागे घेण्यास नकार दिला. त्यामुळे विश्वंभरपंत रोज सकाळी एकदा इकडे खांडवी आणि एकदा तिकडे घावन-घाटले असे दोनदा जेवू लागले. चौथ्या दिवशी त्यांनी अंथरूण धरले. दोन्ही घरांतून ओव्याचा अर्क गेला. तोही त्यांनी दोन्ही घेतला.

दोन्ही चित्रे ओली, म्हणून ती पहिल्या दिवसापासून माझ्या गोठ्याच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि आता जावई निजलेले. (गाय दुसरीकडे बांधली होती.) ही संधी साधून मी चष्मा पुसून चित्रांची नीट तपासणी करावयास बसलो. दादा, मी नाकाने रंगाचा वास येईपर्यंत जवळ गेलो, पण मला घर सापडले नाही. सगळीकडे नुसते रंगाचे गोळे. दार नाही, खिडकी नाही, पोफळी मोजाव्यात म्हटले तर एकीतून दुसरी निघालेली. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे गडगा कुठेच नाही. आगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता हिरवा-पिवळा उजेड. उद्या कुणी हे चित्र पुढे करून आगर एकत्र होते असे म्हणाला तर काय करायचे, हा विचार मनात येऊन मला घाम फुटला. त्यातून आपल्या पत्रातले ते वाक्य आठवले. घर डोळ्यांखालून जाऊ दे. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरलेले, नवे चित्र करायला वेळ नाही, आणि आपण जन्मात एकच गोष्ट मागितलीत ती मला देता येत नाही, हे ध्यानात आले तेव्हा मी त्या पडवीत अगदी एकटा पडलो.

इतक्यात जावईबापूंनी अंथरुणावरूनच, खिडकीतून मला पाहून, क्षीण आवाजात सांगितले की नानाकाका, जवळून नका पाहू, मागे सरून पाहा. मी मागे सरलो. काही दिसेना. आणखी सरलो. माझ्या बाजूचे अंगण किती अरुंद आहे हे आपणांस माहीत आहे, वाटणीच्या वेळी विहीर मिळाली म्हणून मी ते पत्करले. पण त्या क्षणी माझ्या ते ध्यानात नव्हते. मी चित्रावरची नजर न काढता पाठमोरा चालत राहिलो. मधेच टाचेला काहीतरी लागले, ते मी ओलांडले, आणखी थोडा मागे गेलो, आणि एकाएकी ते सगळे गोळे जागच्या जागी बसले. दादा, घर उभे राहिले. सकाळच्या चित्रात ओटीवर कोवळे ऊन, संध्याकाळच्या चित्रात कौलांवर धूर रेंगाळतो तसा, पायऱ्या, तुळशीचे वृंदावन, मागे माडांचे शेंडे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच छप्पर. त्या छपराखाली आपण तिघे कसे वाढलो ते मी कधी विसरलो होतो ते मला ठाऊक नाही. मला रडू आले. मी ते आवरले नाही, कारण आजूबाजूला कुणी नाही अशी माझी समजूत होती.

"आता दिसलं?" कुणीतरी अगदी कानाशी विचारले.

मी आबाच्या खुर्चीला टेकून उभा होतो. टाचेला लागले ते चिरे होते. इतके दिवस आबा पहारा करायला ज्या जागी बसला होता, नेमके तेथूनच ते चित्र दिसते. माझ्या अंगणातून ते दिसणे शक्यच नाही. म्हणून तर उजेडाची तक्रार करणाऱ्या या माणसाने, दार कुठे आणि खिडकी कुठे, असे एकदाही विचारले नव्हते. तो रोज घर पाहत होता. मी म्हटले, "दिसलं." आबाने खुर्चीतून उठून मला बसायला दिले. मी बसलो. चिऱ्याला लागून टाच दुखत होती, एवढ्यासाठीच.

यावरून आपण भलताच अर्थ काढू नये. त्यानंतर आमचे जे बोलणे झाले ते केवळ चित्रातील दोषांविषयी. त्यात मात्र आमचे पूर्ण एकमत झाले. पन्हळ चुकली आहे, गोठा लहान झाला आहे, आणि गडगा गाळणे ही तर अक्षम्य चूक आहे. जावईबापू उठून बसू लागले तेव्हा आम्ही दोघे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिलो आणि आबाने (तो थोरला, म्हणून) गडग्याचा विषय काढला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ते म्हणाले की मी जिथे बसलो होतो तिथून पोफळींच्या सावल्या दोन्ही अंगांनी त्याच्यावरून जात होत्या, त्यामुळे तो मला वेगळा दिसलाच नाही, पण आपण वडील माणसे आहात, आपण म्हणाल तिथे घालतो. त्यांनी कुंचला ओला केला, चित्रापुढे बसले आणि कुठून कुठपर्यंत घालू म्हणून विचारले. मी सांगणार होतो. गडग्याची दिशा आणि लांबी मला तोंडपाठ आहे. आबाने माझ्या दंडाला धरले.

"राहू दे," तो म्हणाला. "दादाला तो कशाला दाखवायचा."

तेव्हा गडगा घातलेला नाही. दोष आमचा आहे, जावयांचा नाही. दोन्ही चित्रे पाठवीत आहोत, कारण एकच पाठवायचे तर कोणते, यावर मी संध्याकाळचे म्हणालो आणि आबा सकाळचे म्हणाला. (नंतर त्याने संध्याकाळचेच चालेल म्हटले आणि मी सकाळचे. तेही जमले नाही.) रंग अजून ओला आहे आणि त्याला काही चिकटू देता कामा नये, म्हणून खोल पेटी करवून त्यात ती खाचांमध्ये समोरासमोर उभी केली आहेत. सुतार आंब्यांच्या पेट्यांत गळ्यापर्यंत बुडालेला, तरी पेटी वेळेवर झाली. विश्वंभरपंत ती घेऊन उद्याच्या बोटीने निघतील. चित्रे पलंगापासून दूर लावावीत. खोली लहान पडली तर पलंग मागे सरकवून घ्यावा, पण आपण स्वतः तो सरकवू नये. प्रथम नुसते फराटे दिसतील. घाबरू नये, मागे टेकून थोडा वेळ पाहत राहावे. घर येते. आम्हांला आले.

चि. वासंतीस आशीर्वाद. आपण औषध घेत जावे. येथे पत्र संपवितो, बोलायचे संपलेले नाही.

आपला आज्ञाधारक,
परशुराम

ता. क. चित्रे एकाखाली एक लावू नयेत. वर कोण आणि खाली कोण असा प्रश्न निघेल. शेजारी शेजारी लावावीत.

पुन्हा ता. क. ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले ते लिहायचे राहूनच गेले. पेटीच्या फळ्या जपून सोडवाव्यात, खिळे ओढताना चिरू देऊ नयेत, आणि नारळी पौर्णिमेला बोटी सुरू झाल्या की पहिल्याच बोटीने परत पाठवाव्यात. सुताराकडे सगळे लाकूड ओले होते आणि ओल्या लाकडाची पेटी वाटेत वाकली असती. मुरलेल्या, सरळ आणि हव्या तेवढ्या लांबीच्या फळ्या घरात एकाच ठिकाणी होत्या, त्या माजघरातल्या भिंतीच्या. त्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या, कारण निम्म्या त्याच्या आहेत. सध्या माजघर उघडे पडले आहे. इकडून पाहिले की थेट आबाची चूल दिसते आणि तिकडून आमची. ही गैरसोय पावसाळ्यापुरती सोसू, पुढे भिंत होती तशी घालणे भाग आहे. फळ्यांचे तेवढे विसरू नये, ही विनंती.

दादा, फळ्या परत पाठवू नयेस. माजघरात वारा चांगला येतो.

वरील ओळ आबाच्या हातची आहे. मी ती वाचली. खोडलेली नाही.